वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात

वांद्रे स्टेशनच्या पूर्वेला उतरावे आणि शेअर रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुलाकडे निघावे. बड्या कचेऱ्यांच्या त्या परिसरातच मुंबईचे कुटुंब न्यायालय आहे. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालये आली. मुंबईत १९८९ साली काम सुरू झाले.

सकाळीच बाकडी भरतात. धारावी, गोवंडी, विक्रोळीकडून आलेल्या भगिनी मांडीवर मूल आणि पिशवीत कागद घेऊन पुकाऱ्याची वाट पाहतात. एकेका तारखेला एकेक खाडा पडतो. त्यांच्याशी बोलताना आम्हाला कळले, की अनेकींचा घटस्फोट कधीच झाला आहे, पोटगीचा हुकूमही हातात आहे. येत नाही तो पैसा. हुकूम ट्रंकेत ठेवला म्हणून चूल पेटत नाही.

म्हणून आमच्या घराघरांत एक गोष्ट माहीत हवी. जुन्या १२५ कलमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ कलम आले आहे. घटस्फोटित स्त्रीने पुन्हा लग्न केले नसेल, तर तिलाही ते लागू आहे. या कलमाखाली थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "देईल उद्या-परवा" म्हणत वर्ष गेले, की त्या महिन्याची ही वाट बंद होते. सबळ कारणाशिवाय पैसे थकवणाऱ्याला दर थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणजे देणे फिटले असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८८ सालीच सांगितले आहे.

हुकूम बदलताही येतो. मुलांची फी वाढली, आजारपण आले, पूर्वीच्या नवऱ्याचा पगार वाढला, तर १४६ कलमाखाली वाढ मागावी. त्याचे कामच सुटले असेल, तर त्यानेही अर्ज करून कमी मागावी. परस्पर पैसे बंद करू नयेत. २०२० च्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

वकिलाच्या फीची धास्ती नको. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही.

भगिनींनो, एक वही घाला. कोणत्या महिन्याचे किती आले, किती राहिले, ते तारखेसह लिहा. तीन महिने कोरे गेले, तर चौथ्याची वाट पाहू नका.