पहिल्या धारेआधी

म्हशी पावसाळ्याच्या शेपटाला व्यायला लागतात आणि थंडी स्थिरावेपर्यंत त्यांचं व्याणं चालू राहतं. दिवस आखडू लागले की म्हैस माजावर येते. त्या दिवसांत फळलेली म्हैस दहा महिने आणि वर आठ-दहा दिवस रेडकू पोटात वाढवून पुढच्या श्रावणापासून मार्गशीर्षापर्यंत केव्हातरी मोकळी होते. म्हणून मुंबईच्या कडेकडेच्या तबेल्यांत नोव्हेंबर-डिसेंबर हे जागरणाचे महिने. त्यातल्या त्यात ते सोयीचेही असतात. चिखल वाळलेला असतो, माश्या कमी झालेल्या असतात, भाताची झोडणी होऊन नवा पेंढा आलेला असतो. नवं रेडकू कोरड्या पेंढ्यावर पडतं, सकाळच्या उन्हात त्याचे केस सुकतात. या कोरडेपणावर सगळी भिस्त असते आणि ती असते हे एरवी जाणवतही नाही.

डिसेंबरात पाऊस आला की जाणवतं. 2017 साली ओखी वादळाच्या वेळी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. त्यानंतर 2021 च्या 1 डिसेंबरला असाच पाऊस आला. मार्गशीर्ष लागायला तीन-चार दिवस होते. दिवसभर बारीक, गार, न थांबणारं पाणी पडत राहिलं, वर वारा. त्या दिवसांत जुन्नर, आंबेगाव, पारनेरच्या बाजूला उघड्यावर बसलेल्या मेंढ्या थंडीनं शेकड्यांनी मेल्या. पाण्यात बुडून नाही, दरड कोसळून नाही. अंगावरची लोकर भिजली आणि रात्रभर वारा लागला, एवढ्यानंच. मेंढपाळांचे ते काळवंडलेले चेहरे बातम्यांत पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की पाऊस आणि थंडी वेगवेगळी सोसणारं जनावर दोन्ही एकत्र आली की कोसळतं.

मी हाटकेशला राहते. मीरा रोडच्या पूर्वेला, घोडबंदर रस्त्याच्या अंगाला. एका बाजूला उद्योगनगरातले गाळे, त्यांतून चालणारी यंत्रं, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, आणि काशिमीऱ्याच्या पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. मीरा-भाईंदरची महानगरपालिका 2002 साली झाली. त्याआधीचं मिरे, काशी, घोडबंदर हे भातशेतीचं, मिठागरांचं आणि गुरांचं जग अजून कुठे कुठे फटीतून दिसतं. एक लहानसा तबेला अशाच एका फटीत टिकून आहे. पत्र्याचं छप्पर, मध्ये गव्हाणी, दोन्ही बाजूंना दावणी. मी तिथूनच दूध आणते. मालक वसईकडचे, मराठी. जनावरांचं सगळं पाहणारे चाचा जौनपूरचे. दोघांचं एकमेकांशी बोलणं निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत चालतं आणि म्हशींशी दोघंही एकाच सुरात बोलतात.

या तबेल्याचं मला पटलेलं एक वेगळेपण सांगायला हवं. मुंबईच्या तबेल्यांची जुनी रीत अशी की ताजी व्यालेली म्हैस गुजरातेतून किंवा हरियाणातून विकत आणायची, मेहसाणी, जाफराबादी नाहीतर मुऱ्हा. दूध देते तोवर ठेवायची, आटली की विकून टाकायची. शहरात जागा महाग, वैरण महाग. भाकड म्हशीला चार-सहा महिने पोसणं परवडत नाही. त्या हिशेबात रेडकाला जागाच नसते. ते जितकं पितं तितकं कॅनमधलं दूध कमी होतं. या मालकांनी मोजक्याच म्हशी ठेवल्यात आणि त्या जागेवरच फळवतात. आटली तरी विकत नाहीत. नफा किती सुटतो ते मी विचारलेलं नाही. पण त्यामुळे एक होतं. हाटकेशच्या त्या पत्र्याखाली म्हैस व्याते, आणि शहरातल्या फार थोड्या माणसांना जे दिसतं ते मला दिसतं.

त्या 1 डिसेंबरच्या संध्याकाळी एक मेहसाणी म्हैस वाटेवर होती. दोन दिवसांपासून तिची कास ताठ भरली होती, सडांना मेणासारखी चकाकी आली होती, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले होते. ती सारखी उठत होती, बसत होती, मागे वळून स्वतःच्या कुशीकडे पाहत होती. पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा की माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. गटार तुंबून पाणी मागच्या बाजूनं आत येऊ लागलं होतं. मालक फावड्यानं पाण्याला वाट करून देत होते. चाचा म्हशीला तिच्या दावणीवरून सोडवून सगळ्यात उंच कोपऱ्यात घेऊन आले. ओल्या फरशीवर व्यायला बसलेलं जनावर उठताना घसरलं तर मांड्या फाकतात, आणि मग ते उठतच नाही. म्हणून आधी राख पसरली, तिच्यावर पेंढा, पेंढ्यावर गोणपाट.

मी दुधाची किटली हातात धरून तिथेच उभी राहिले. कुणी मला थांबा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.

पाणमोट फुटली तेव्हा आठ वाजून गेले असतील. त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास चाचांनी काहीच केलं नाही, आणि मला वाटतं त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम तेच होतं. ओढायची घाई करणाऱ्या माणसाच्या हातून म्हशीचं अंग बाहेर येतं, रेडकू दगावतं. चाचा फक्त पाहत होते: दोन पाय आले, त्यांचे तळवे खाली आहेत म्हणजे पुढचेच आहेत, त्यांच्यावर नाक टेकलेलं दिसलं म्हणजे मान दुमडलेली नाही. तेवढं दिसल्यावर त्यांनी पहिल्यांदा मालकांकडे पाहून मान हलवली. पुढच्या दोन कळांना डोकं आलं, मग खांदे, आणि मग वाफाळणारं, काळं, चिकट अंग एकदम गोणपाटावर.

इथून पुढे मात्र घाई. नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला. नाळेला टिंक्चर आयोडीन. एरवी म्हैस चाटूनच रेडकाला कोरडं करते. तिच्या खरबरीत जिभेनं त्याचं रक्त खेळू लागतं, श्वास खोल जातो. पण त्या दिवशी हवेतच पाणी होतं. ती चाटत होती आणि ते थरथरत होतं. मालकांनी कोरडी पोती आणली आणि दोघांनी दोन बाजूंनी त्याला चोळायला घेतलं, छाती, कुशी, मांड्या. मला त्यांनी कान चोळायला सांगितले. रेडकाचे कान मी त्याआधी कधी हातात घेतले नव्हते. थंडगार, ओले, आणि मऊ. मी चोळत राहिले. हळूहळू कानांच्या मुळाशी ऊब आली.

"वगार आहे," मालक म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. वगार म्हणजे उद्याची म्हैस. टोणगा झाला असता तर त्या आवाजात काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण तेही मी ऐकलं आहे: कामाला लागलेल्या माणसाचं नुसतं हुंकारणं. बैलाला शेतात काम तरी होतं, रेड्याला शहरात काहीच नाही. त्याचं जगणं पूर्णपणे माणसाच्या मर्जीवर. मला या तबेल्याबद्दल माया वाटते ती यासाठीही की इथे टोणग्यालाही पहिले दिवस पोटभर पाजतात. पुढे ते कुणा शेतकऱ्याला देतात. पुढचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पाजण्याचा मुद्दा साधा नाही. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच रोगांशी लढण्याचं थोडं बळ मिळतं. रेडकाला आणि वासराला ते तिथे मिळत नाही. वारेतून ते पार होतच नाही. ते सगळं चिकात असतं. आणि चिकातलं ते बळ अंगी लागण्याची मुभा निसर्गानं फार थोडा वेळ दिली आहे. पहिल्या सहा तासांत सगळ्यात जास्त, मग कमी कमी, आणि एक दिवस उलटला की चीक पोटात जातो तो नुसता अन्न म्हणून. तीस किलोच्या रेडकाला पहिल्या दिवसात तीनेक लिटर चीक जायला हवा, त्यातला निम्मा तरी पहिल्या काही तासांत. तो हुकला की हगवण, न्युमोनिया, नाळेची सूज, यांतलं काहीतरी पंधरवड्यात गाठतंच. गार पावसात तर नक्कीच.

आणि हाच तो चीक, ज्याचा आपण खरवस करतो.

मला खरवस अतिशय आवडतो. गूळ घातलेला, वेलदोडा-जायफळाचा, उकडून सुरीनं वड्या पाडलेला. पहिल्या दिवसाच्या चिकाचा इतका घट्ट होतो की त्यात दूध घालावं लागतं. तिसऱ्या दिवसाचा जेमतेम धरतो. चांगल्या म्हशीला रेडकाच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त चीक येतो, त्यामुळे खरवस खाणं हे काही कुणाच्या तोंडचं काढून घेणं नाही, अट एवढीच की क्रम चुकू नये. माझं आजोळ इगतपुरीकडचं. आजीकडे डांगी गाई होत्या, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेल्या. डांगी ही पावसात राहणारी जात. तिच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी अंगावर ठरत नाही, खूर काळे आणि टणक. इगतपुरी-अकोले भागातल्या पावसात दुसरी गाय तगत नाही. राजूरला या जनावरांचं प्रदर्शन भरतं त्याचं आजीला पंढरीच्या वारीइतकं अप्रूप. आजी गाय व्याली की वासरू पिऊन स्वतःहून सड सोडेपर्यंत भांडं आणायची नाही. शेजारणी चीक मागायला आल्या तर त्यांनाही बसवून ठेवायची. वासरू बाजूला झालं, की मगच धार. आणि तो चीक ती कधी विकायची नाही, वाटायची.

मुंबईत हा क्रम फार पूर्वीच उलटला. शहराला दूध हवं होतं, ते पुरवण्यासाठी गल्लीबोळांतून तबेले होते, आणि त्यांची घाण व म्हशींचे हाल दोन्ही बाहेर काढायचे म्हणून गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. 1951 साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सोळा हजारांच्या घरात म्हशी एका जागी, फरसबंद गोठे, धुवायला पाणी, चरायला कुरण. ज्यांनी हे घडवलं त्या दारा खुरोडींना 1963 साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते काम मोठं होतं यात मला शंका नाही. पुढे मुंबईतले तबेले डहाणू तालुक्यातल्या दापचरीला हलवायचं घाटत राहिलं. या सगळ्या व्यवहारात दूध, म्हैस, जागा, स्वच्छता यांचा विचार झाला. रेडकू मात्र कायम समासात राहिलं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग त्यावर उपाय निघाले. पेंढा भरलेलं कातडं तिच्यापुढे उभं करायचं. तिच्या मायांगात फुंकायचं. या फुंकण्याला 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात नाव घेऊन गुन्हा ठरवलं आहे, आणि दूध वाढवण्यासाठी घातक इंजेक्शन देण्यालाही. कायद्याच्या त्या कलमाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहते. आईचा पान्हा रेडकाशिवाय काढण्यासाठी माणसानं किती डोकं चालवलं याची ती नोंद आहे. तेवढ्या डोक्यात आणि तेवढ्या खर्चात रेडकू जगलं असतं.

वगार उठली ती चौथ्या प्रयत्नाला. मागचे पाय आधी, मग पुढचे गुडघे, मग धडपडून पुन्हा खाली. उभी राहिल्यावर तिनं सड शोधला तो आईच्या पुढच्या पायांमध्ये. चाचांनी तिला हातानं वळवलं नाही. नुसतं मागून टेकू दिला. म्हैस स्वतःच थोडी सरकली. मग चुरूचुरू आवाज आला आणि मालक फावडं टाकून खाली बसले.

त्यांचं काम संपलेलं नव्हतं. वार पडायची होती. ती पडेपर्यंत पाहत राहायचं, म्हशीनं ती खाऊ नये, कुत्र्यांनी ओढू नये. म्हशीला बाजरी शिजवून गूळ, सुंठ, बाळंतशोपा घालून द्यायचं. आणि दुभत्या म्हशीला व्याल्यावर दोन-तीन दिवसांत दुग्धज्वर येऊ शकतो. अंगातला चुना एकदम कासेकडे जातो आणि ती बसते ती मान कुशीला टेकवून. त्याची पहिली खूण म्हणजे गार पडलेले कान. पण अशा हवेत सगळ्याच म्हशींचे कान गार. चाचा रात्रभर एकीचे कान चाचपून पाहत, मग दुसरीचे, मग पुन्हा हिचे. फरक शोधत होते.

पाऊस थांबल्यावर पेंढ्याची गाडी आली, वाडा तालुक्याकडून. मालकांनी भाऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून वास घेतला. आत गरम लागत होतं, आंबूस वास होता. उडवी भिजली होती. असा पेंढा बुरशी धरतो. तो खाल्ला की म्हशीला डेगनाला होतो, शेपटीचं टोक, कानांच्या कडा, खुरावरची कातडी काळी पडून झडते. पेंढा आणणाऱ्याचा भात शेतातच भिजलेला. तो म्हणाला, "दादा, माझ्याकडे दुसरा नाही." मालक म्हणाले, "माझ्याकडे पण नाही रे." थोडा वेळ दोघंही गप्प उभे होते. मग त्यांनी मिळून भारे उतरवले, मधले गरम लागलेले बाजूला टाकले, बाकीचे सोडून महामार्गाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत उन्हात पसरले. भाव ठरला तो त्यातलं किती सुकून कामाला येतं ते पाहून द्यायचा. आत आणखी एक म्हैस दुपारपासून उठबस करू लागली होती. चाचांनी माळ्यावर राखून ठेवलेल्या जुन्या, कोरड्या पेंढ्याचे दोन भारे खाली टाकले.