तिसऱ्या दिवसाचा वास

भिजत घातलेल्या धान्याला तिसऱ्या दिवशी जो वास येतो, तो खान्देशात वाढलेल्या माणसाला कुठेही ओळखू येतो. आंबूस, जरा दुधाळ. मार्च उलटला, जळगावचे ऊन चाळिशीला टेकले, की न्हाणीजवळून, ओट्याखालून तो दरवळू लागतो. एका पातेल्यात कुरडयांचा गहू, दुसऱ्यात बिबड्यांची ज्वारी. कुरडई साऱ्या महाराष्ट्राची. बिबडे मात्र आमच्या तापी-गिरणा-पांझरेकाठचे.

हा वास मला पुन्हा आठवला तो माझ्या भाच्यामुळे. मूळचा धुळ्याचा, आता इंग्लंडात असतो आणि घरी बिअर करतो. त्या देशात १९६३ पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय ती करता येत नाही, तेव्हा ही हौस तिकडचीच. बाजारात तयार डबा मिळतो. त्यात सातूच्या माल्टचा काकवीसारखा दाट पाक असतो, हॉप्सचा कडवटपणाही त्यातच मुरवलेला. पाक गरम पाण्यात विरघळवायचा, गार पाणी घालून तेवीसेक लिटर करायचे, यीस्ट टाकून झाकून ठेवायचे. बिअर होते. पण डबा कोणीही उघडला तरी चव तीच, आणि धान्याचा ताजा वास तिच्यात नसतो.

म्हणून तिथले जाणते लोक डब्याच्या जोडीला थोडे धान्य भिजवतात. पाव-अर्धा किलो भरडलेले क्रिस्टल माल्ट फडक्याच्या पुरचुंडीत बांधून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचे. पाणी उकळू द्यायचे नाही. फार तापले तर टरफलातला तुरटपणा उतरतो. पुरचुंडी काढली की मागे तांबूस, गोडसर पाणी राहते. ते उकळून पाकात मिसळायचे. हे पहिल्यांदा केले त्या रात्री भाच्याने फोन केला. म्हणाला, ‘मावशी, घरात घाट्याचा वास सुटलाय.’

घाटा म्हणजे काय, हे खान्देशाबाहेरच्यांना सांगायला हवे. बिबड्यांची ज्वारी आधी पाण्याचा हात लावून कांडतात, कोंडा पाखडतात, मग तीन दिवस भिजवतात. पुष्कळ घरी भाकरीला दादर आणि बिबड्यांना हायब्रीड, अशी वाटणी असते. आंबलेली ज्वारी धुऊन, निथळून, सावलीत सुकवून दळायची. चाळून कण्या वेगळ्या, पीठ वेगळे. मोठ्या पातेल्यात आधणाला कण्या शिजतात. मीठ, तीळ, जिरे, लसूण-मिरचीचे वाटण पडते, मग वरून पीठ वैरत लाकडी दांड्याने घोटत राहायचे. हे घोटणे खांद्यांचे काम आहे. दोघी-तिघी आळीपाळीने करतात, शेजारची दारातूनच विचारते, ‘आंबनी का व माय?’ शिजून दाट झाला तो घाटा. त्यावर शेंगदाण्याचे कच्चे तेल ओतून पोरे वाटी-वाटी खातात, आणि उरलेल्याचे बायका ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने पातळ बिबडे थापतात. गच्चीवरच्या उन्हाने ते दोन दिवसांत कडक होतात.

भाच्याला आलेला वास खोटा नव्हता. सातू भिजवला की दाणा जागा होतो; मोड येऊ लागतो तशी त्यातली विकरे पिठाची साखर करायला लागतात. माल्ट करणारे तो मोड उष्णतेने थांबवतात. क्रिस्टल माल्टचा दाणा तर ओला असतानाच उबवतात. पिठाची साखर टरफलाच्या आतच होते आणि पुढच्या भाजणीत तांबूस पडते. म्हणून नुसत्या गरम पाण्याने ती उतरते. आमच्या ज्वारीत काम वेगळ्या जिवांचे. पाण्यात लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढतात, दाणा मऊ पडतो, त्याचा आंबूसपणा बिबड्यात टिकून राहतो. वाट वेगळी असली तरी दोन्हीकडे धान्य, पाणी, ऊब आणि वेळ एवढ्यांचेच काम आहे.

आणि ज्वारी काही बिअरला परकी नाही. ती मूळची आफ्रिकेची, तिथे तिला मोड आणून बिअर करण्याची रीत जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या उमकोम्बोथीत मक्याबरोबर ज्वारीचे माल्ट असते, बुर्किना फासोत ज्वारीची डोलो बायकाच करतात आणि बायकाच विकतात. त्या बायकांच्या अंगणात आमची एखादी आजी जाऊन बसली असती, तर पातेल्यात नाक घालून तिने अर्धी कृती ओळखली असती, असे मला मनापासून वाटते.

आता जळगाव-धुळ्यातही बिबडे पाकिटात मिळतात. बचत गटांच्या बायका चांगले करतात, त्यांच्या हाताला पैसा मिळतो. ते विकत घ्यावेत, मीही घेते. पण पाकीट आले म्हणून पातेले माळ्यावर गेले, हे मला पटत नाही. ज्वारी किती आंबली, हे आमच्या बायका दाणा नखाने दाबून आणि वास घेऊन ठरवतात. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात बसत नाही. ते करणारीच्या शेजारी बसूनच मिळते. आईजवळ न बसलेल्या मुलीला ते मिळत नाही, आणि मुलालाही नाही. इंग्लंडातल्या लोकांना डबा सहज मिळतो, तरी त्यांनी धान्य भिजवणे सोडले नाही. उलट चव हवी म्हणून ते मुद्दाम त्याकडे वळले.

तेव्हा यंदा पाकीट घ्याच, पण जोडीला दोन किलो ज्वारी घरीही भिजत घाला. शहरात गच्ची नसेल तर बिबडे राहू द्या, नुसता घाटा करा. आणि घोटायला घरातल्या पुरुषांना बोलवा.