शीतोष्ण

आमच्या हातून एका मुक्या जीवाचा घात होतां होतां राहिला. ती हकीकत वाचकांस सांगावी असें बरेच दिवस मनांत आहे.

गतवर्षीं हिंवाळ्यांत आम्ही चिरंजीवांकडे लंडनला होतों. तेथें आमच्या दहा वर्षांच्या नातवानें एक सरडा पाळला आहे. 'बिअर्डेड ड्रॅगन' हें त्याचें इंग्रजी नांव. गळ्याखालीं कांटेरी दाढी, आणि मूळचें वसतिस्थान ऑस्ट्रेलियाचा रुक्ष अंतर्भाग. शाकाहारी घरांत सरडा, आणि त्याच्या भोजनास जिवंत रातकिडे! आमच्या कुटुंबानें त्या खोलींत पाऊल टाकण्याचें साफ नाकारिलें.

हा प्राणी स्वतःच्या शरीरांत पुरेशी ऊब उत्पन्न करूं शकत नाहीं. हवें तेव्हां उन्हांत जाणें आणि पुरे झालें कीं सावलींत सरकणें, हाच त्याचा उपाय. म्हणून चार फूट लांबीच्या कांचेच्या पेटींत एका अंगास दिवा लावितात. दिव्याखालच्या दगडावर सुमारें ४० अंश सेल्सिअस, तर दुसऱ्या अंगास २४-२५ अंश, असें राखावें लागतें. ऊब कमी पडली तर त्यास खाल्लेलें पचत नाहीं. 'शीतोष्ण' हा द्वंद्व समास आम्हीं वर्गांत जन्मभर सोडविला. तो एका पेटींत नांदतांना प्रथमच पाहिला.

दिव्याची उष्णता थर्मोस्टॅट नांवाचें यंत्र आवरतें. त्याच्या तारेचें टोंक दिव्याखालीं ठेविलेलें असतें, आणि तें टोंक जें सांगेल तेंच यंत्रास खरें. एके दिवशीं नातू शाळेस गेल्यावर पेटी स्वच्छ करण्याची आम्हांस हौस आली. तार आड येत होती, म्हणून बाहेर काढून ठेविली, आणि परत आंत घालण्याचें विसरलों. खोलींत होते १८ अंश. यंत्रास वाटलें, पेटी गारठली. त्यानें दिवा पूर्ण जोरानें चालूं ठेविला.

दुपारीं पाहतों तों सरडा पार दुसऱ्या कोपऱ्यांत कांचेस चिकटून, तोंड उघडें टाकून बसलेला. तो सुखांत आहे असें समजून आम्ही पोथी घेऊन शेजारींच बसलों! वास्तविक ती अंगांतील उष्णता बाहेर टाकण्याची त्याची धडपड होती. थर्मामीटर पाहण्याचें आम्हांस सुचलेंच नाहीं.

नातवानें मात्र शाळेंतून येतांच दोन्ही थर्मामीटर पाहिले. दिव्याखालीं ५२, थंड बाजूस ३६. त्या बिचाऱ्यास पळावयास जागाच उरली नव्हती. पोरानें दिवा मालवला, पेटीचें दार उघडलें. बऱ्याच वेळानें सरड्याचें तोंड मिटलें. "तार मीच नीट बसविली नसेल," म्हणून तो रडूं लागला. हयगय झाल्यास सरडा परत देऊं, अशी चिरंजीवांची तंबी होतीच. ती त्यांनीं जेवतांना पुन्हा ऐकविली. आणि पोरांना खरें बोला म्हणून शिकविण्यांत ज्यांची हयात गेली, ते आम्ही खालीं मान घालून आमटीभात जेवलों.

रात्रीं झोंप येईना. त्याच्या बिछान्याशीं जाऊन म्हटलें, "बाळ, तार मीं काढली होती."

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "आजोबा, हें तुम्हीं बाबांसमोर कां नाहीं सांगितलें?"

सकाळीं चहाच्या वेळीं चिरंजीवांस सर्व सांगितलें. त्या सायंकाळीं नातवानें तार दगडाशेजारीं पक्की बांधिली, आणि उष्णमानाच्या वहींत 'सकाळ' व 'संध्याकाळ' या रकान्यांच्या मध्यें तिसरा रकाना आंखला. वर लिहिलें: 'आजोबा, ११ वाजतां'.