नाकातलं नाणं

वाईला आमचं किराणा दुकान होतं. गणपती बोळवले की मखराचा थर्माकोल माझ्या ताब्यात यायचा. सातवीत असताना मी त्यातून पहिला ग्लायडर कापला आणि झटपट सुकतो म्हणून फेव्हिक्विकनं पंख चिकटवायला गेलो. थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून पंखाला भोकं पडली. अण्णांनी काही न बोलता मैद्याची खळ करून दिली. दुसऱ्या पंखात आधाराला खराट्याची काडी घातली.

माडीवरून फेकला, तर ग्लायडरनं मान वर केली, क्षणभर थबकला आणि शेपटीवर कोसळला. अण्णांनी तो दोन बोटांच्या टोकांवर, पंखाच्या पुढच्या कडेपासून तिसऱ्या हिश्शावर तोलला. शेपटी खाली गेली. "दांडी मारतोय तुझा तराजू," म्हणाले, आणि गल्ल्यातलं पंचवीस पैशांचं नाणं नाकाला चिकटवून दिलं. त्या संध्याकाळी ग्लायडर गल्ली ओलांडून समोरच्या कौलांवर उतरला.

नोकरीला पुण्यात आल्यावर रेडिओवर चालणारा ग्लायडर घेतला. पंख मीटरभर लांब, अंग ईपीपी फोमचं. हा फोम फेव्हिक्विकनं विरघळत नाही, आपटला तर चेपतो आणि पुन्हा फुगतो. नाकात मात्र मी तेच नाणं बसवलं. तोल साधायला तेवढं वजन लागत होतं, आणि ते अण्णांचं होतं.

त्यानंतरची वर्षं सुधारणांत गेली. जोराच्या वाऱ्यात पंख धनुष्यासारखा वाकायचा, म्हणून खराट्याच्या काडीची जागा तीन मिलिमीटरच्या कार्बनच्या काडीनं घेतली. पंखाची टोकं थोडी वर उचलली, तेव्हा तो एका अंगाला कलला तरी आपणहून सावरू लागला. सुकाणूचं बिजागर म्हणजे नुसती चिकटपट्टी. तिच्याहून हलकं काही सापडलं नाही. पंखाच्या वरच्या बाजूला पुढच्या अर्ध्या भागावर फोमचा आणखी एक थर देऊन पायरीही करून पाहिली. क्लाइन आणि फोगलमन या दोघा अमेरिकनांनी कागदी विमानातून काढलेली ही युक्ती. १९७२ साली तिचं पेटंटही झालं. मोठ्या विमानांनी ती उचलली नाही, पण फोम कापणाऱ्यांना ती सोयीची. घासून गोलाई आणायचा त्रास नाही, आणि दुहेरी फोममुळे पंखाला ताठपणा येतो.

खरा हिशेब शेपटीचा होता. तोलाच्या जागेपासून माझं नाक वीस सेंटिमीटर पुढे आणि शेपटी साठ सेंटिमीटर मागे. म्हणजे शेपटीला एक ग्रॅम चढला की नाकात तीन ग्रॅम भरायचे, वर ते चारही ग्रॅम पंखानं वाहायचे. हे मला फार उशिरा उमगलं. अण्णांना ते दांडीवरच कळत असणार. लांब बाजूला ठेवलेली सुपारीही जड होते.

गेल्या उन्हाळ्यात शेपटीची दुरुस्ती लेकीनं हाती घेतली. सहा मिलिमीटरचा फोम काढून तीनचा लावला, कडा घासल्या, जुन्या दुरुस्त्यांचे चिकटपट्टीचे थर सोलले. काट्यावर ग्रॅमभर बचत झाली. मग तिनं ग्लायडर दोन बोटांवर तोलला आणि नाक खाली गेलं.

"बाबा, हे नाणं कशाला आता?"

मी म्हणालो, राहू दे, अण्णांचं आहे. तिनं पुन्हा बोटांवर तोलून दाखवला. नाक पुन्हा खाली. दुकानात अण्णांनी गिऱ्हाइकाला कधी कमी दिलं नाही, तसं भीड पडून जास्तही दिलं नाही.

पाचगणीच्या टेबललँडवर कड्याला आदळून वर चढणारा वारा त्या दिवशी चांगला होता. मी नाण्यावरची पट्टी नखानं सोलली. खाली इतकी वर्षं दबलेल्या फोमवर त्याचा गोल ठसा राहिला होता. नाणं खिशात टाकलं आणि ग्लायडर लेकीच्या हातात दिला.

तिनं फेकला. यावेळी त्यानं मान वर केली नाही, खालीही घातली नाही.