लोणीला चला, पणजीचं नाव शोधायला

पुण्यात कुणालाही सांगा, ‘शनिवारी लोणीला चाललोय.’ समोरचा हमखास विचारणार, ‘काळभोर की कंद?’ दोन्ही नाही, बॉस! हे तिसरं लोणी, तालुका आंबेगाव. नगर रोडने वाघोलीचं ट्रॅफिक एकदाचं पार केलंत की वाटेत लोणीकंद लागेल, तिथे फसू नका. शिक्रापूरला डावीकडे वळा, पाबळ मागे टाका आणि बेल्हे-जेजुरी रस्त्याने पुढे जात राहा.

आंबेगाव म्हटलं की आपल्याला भीमाशंकरचं धुकं आणि डिंभ्याचं पाणी आठवतं. लोणी त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला. इथे पाऊस हात राखून पडतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं लोणी-धामणीला नवं नाही. शेजारच्या धामणीत खंडोबाचं देऊळ आहे, दर्शन जरूर घ्या. पण रिसॉर्ट, सेल्फी पॉइंट वगैरे विचारू नका.

मग जायचं कशाला? कागदांसाठी!

जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईला गेली. कुणी गिरणीत लागलं, कुणी मार्केटात हमाली केली, कुणी डबे पोचवले. त्यांची नातवंडं आज हिंजवडीत लॅपटॉपसमोर बसतात. आजोबांचं नाव आपल्याला पाठ असतं. पणजोबांचं आठवायला बाबांना फोन करावा लागतो. आणि पणजीचं? तिथे बाबाही गप्प.

उत्तर बऱ्याचदा गावच्या घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतं. जुनं खरेदीखत, मुंबईहून आलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या, लग्नपत्रिका, गिरणीचा पास. घराचा स्लॅब टाकायची वेळ आली की ही ट्रंक आधी अंगणात येते आणि मग भंगारवाल्याकडे जाते. वाळवीचा हिशोब वेगळाच.

दुसरं उत्तर सरकारी दप्तरात. सातबाऱ्यावर वर्तुळात किंवा कंसात जे आकडे दिसतात ना, ते फेरफारांचे नंबर. त्यातल्या वारस नोंदीचा फेरफार काढलात, तर खातेदार कधी वारला आणि मागे कोण कोण होतं, ते एका परिच्छेदात मिळतं. असे तीन-चार फेरफार मागे मागे जोडत गेलात की वंशावळ तयार! जुन्या नकलांसाठी तालुक्याला, म्हणजे घोडेगावला, अर्ज करायचा. सोबत शाळेचं जनरल रजिस्टर आणि जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि हीच धूळ खात पडलेली रजिस्टरं अचानक लाखमोलाची झाली. त्यातली जुनी पानं मोडीत, म्हणून मोडी वाचणाऱ्यांचाही भाव वधारला.

पण या कागदांत एक मोठी गोची आहे. बाईचं नाव शोधायला जा, कागद अडखळतो. मुलींना मुलांच्या बरोबरीने वारस मानणारा हिंदू वारसा कायदा आला १९५६ मध्ये. त्याआधीच्या नोंदींत बहुतेक मुलगेच. नंतर मुली दिसायला लागल्या, पण कित्येकदा लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोड करून बाहेर पडण्यापुरत्याच. वाटेत मागे टाकलेलं पाबळ आठवा. तिथे मस्तानीची कबर आहे. १७४० मध्ये, बाजीरावांच्या पाठोपाठ ती गेली. पण कशी गेली, याचा पक्का पुरावा नाही. मस्तानीची ही गत, तर तुमच्या-माझ्या पणजीची काय कथा?

यावर उपाय काय? जरा लांबचं उदाहरण देते. मेनोनाइट नावाचा एक छोटा ख्रिस्ती पंथ आहे. सोळाव्या शतकापासून छळामुळे तो नेदरलँड्समधून प्रशियात, तिथून रशियात आणि १८७४ पासून कॅनडात फिरत राहिला. फिरताना जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू यांच्या वह्या त्यांनी जपल्या. आज विनिपेगला त्यांचं स्वतःचं अभिलेखागार आहे. माणसं आपल्याकडचीही हलली. फक्त आपण ट्रंक मागे ठेवून हललो.

तसा वारसा आपल्याकडेही आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत. १९१० मध्ये त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल अजून जपलेत. पण तिथे मुख्यतः राज्यकारभाराचे कागद. मनीऑर्डरची पावती जपायला राजवाडे येणार नाहीत. ते काम गाव सोडून गेलेल्यांनीच करायचं. त्याला इमारत लागत नाही. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत एक लोखंडी कपाट आणि प्रत्येक घराच्या नावाची एक फाइल, एवढ्यावर सुरुवात होते. मूळ कागद ज्याचा त्याच्या घरी, कपाटात नुसती प्रत.

आणि जे कागदावर नाहीच, ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून लिहून घ्यायचं. ‘आजी, तुमचं माहेर कुठलं? आईचं नाव काय?’ हा प्रश्न सातबारा विचारत नाही, तुम्ही विचारू शकता. घाई मात्र करा. कागदाची नक्कल पुढच्या वर्षीही मिळेल, आजीची मिळणार नाही.

जाताना लक्षात ठेवा
• कागदाचा फोटो दिवसाउजेडी, फ्लॅशशिवाय काढा. मागची बाजूही घ्या.
• फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच.
• जुन्या फोटोमागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, पेनने नाही.
• मोडी कागद दिसला तर वाचता येत नाही म्हणून टाकू नका. पुण्यात मोडी शिकवणारे वर्ग चालतात.
• पाण्याची बाटली घरून भरून न्या. गावाला पाण्याची किंमत ठाऊक आहे.