आवाज बंद करणारा हेडफोन घेताना

पुतणीने यंदा माझ्याकडे हेडफोन मागितला. साधा नव्हे, बाहेरचा आवाज बंद करणारा. बारावी आणि नीट एकाच वर्षात आहेत. आंबेगाव तालुक्यातलं भावाचं घर पिठाच्या गिरणीला लागून आहे. सकाळ-संध्याकाळ गिरणी, लग्नसराईत डीजे, हंगामात उसाचे ट्रॅक्टर. "चाचा, तुम्हीच बघून घ्या, पण आवाज खरंच बंद झाला पाहिजे," एवढीच तिची अट होती.

अट साधी वाटते, पण असा हेडफोन सगळे आवाज बंद करत नाही. १९७८ साली अमर बोस हे अभियंते झुरिकहून बोस्टनला विमानाने निघाले होते. इंजिनाच्या घरघरीत हेडफोनवरचं संगीत नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी प्रवासातच आकडेमोड सुरू केली. पुढे त्यातून त्यांच्या कंपनीचे हेडफोन आले. तत्त्व असं, की छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो, आतली चिप त्याच्या नेमकी उलट लहर तयार करते आणि दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. विमानाची घरघर खालच्या पट्टीतली आणि एकसारखी असते, म्हणून ती पकडता येते. गिरणीची मोटार, पंखा, एसटीचं इंजिन याच जातीचे. माणसाचं बोलणं, हॉर्न, पडलेलं भांडं हे आवाज अचानक येतात. ते बरेचसे तसेच कानात शिरतात. त्यांना अडवते ती कानावर घट्ट बसणारी गादी किंवा रबरी बोंडी.

खोक्यावरची अक्षरंही नीट वाचावी लागतात. स्वस्त मालावर 'ईएनसी' लिहिलेलं असतं. ते आपल्यासाठी नाही, फोनवर पलीकडच्या माणसाला आपला आवाज स्वच्छ जावा यासाठी आहे. आपल्या कानाला शांतता देणारं ते 'एएनसी'. एका अक्षराच्या फरकात हजार-दोन हजार रुपये जातात.

पुतणीला चष्मा आहे. मोठ्या गादीच्या हेडफोनखाली चष्म्याची काडी आली की फट पडते आणि आवाज आत येतो. शिवाय एप्रिल-मेच्या उकाड्यात ती गादी तासभर कानावर ठेवणं कठीण. म्हणून कानात बसणारे घेतले. सोबत आलेल्या तीन मापांच्या बोंड्या तिला लावून पाहायला सांगितल्या, कारण माप चुकलं तर महागडी चिपही निरुपयोगी ठरते. गाणं न लावताही आवाज कमी होतो, हे तिला ठाऊक नव्हतं. गोंगाटावर मात करायला आवाज वाढवावा लागत नाही, हा कानांचा खरा फायदा. मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डीजेवर मात्र हेडफोन हा इलाज नव्हे. तो दणका छातीत बसतो. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांतच आहे. ती पाळायची की नाही, हा गावाचा प्रश्न. त्यासाठी पोरीने पैसे मोजून कान बंद करावेत, हे मला पटत नाही.

आणखी एक बाब दुकानदाराने सांगितली नाही, कारण त्याचं दुकान पुण्यात आहे. जुन्नर-आंबेगावात घरामागेच ऊस असतो आणि उसात बिबट्या असू शकतो. अंधारात बाहेर पडताना मोबाइलवर मोठ्याने गाणी लावा, असं वनखातं सांगतं. कुत्रं अचानक भुंकलं, शेळ्या बिथरल्या, शेजारून हाक आली, तर ते कानावर पडलंच पाहिजे. म्हणून बाहेरचा आवाज आत घेणारी सोय असलेलाच संच निवडला आणि भावजयीने नियम घातला : तो अभ्यासाच्या टेबलावरच राहील, अंगणातसुद्धा जाणार नाही.

खरेदी करताना गिरणीवाले चाचा डोळ्यांपुढे येत राहिले. पोरीला त्यांच्या गिरणीचा त्रास भिंतीपलीकडून होतो. ते तर तिच्याशेजारी उभे असतात, उघड्या कानांनी, वर्षानुवर्षं. आठ तासांच्या कामाला ८५ डेसिबलपलीकडे कान जपावेत, असं अमेरिकेतली नायोश ही संस्था सांगते. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. चाचा मोठ्याने बोलतात, म्हणून लोक त्यांना तापट समजतात. त्यांना स्वतःचाच आवाज कमी येतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यांना चिप नको की चार्जिंग नको. कारखान्यात वापरतात तसे कान झाकणारे मफ पुरतात. पुतणीच्या संचाच्या किमतीच्या मानाने ते किरकोळ. तेही घेतले. चाचा आधी हसले, "या वयात कशाला?" म्हणाले. पुतणी म्हणाली, "चाचा, उरलंय ते तरी राहू द्या." आता दळण सुरू झालं की ते मफ चढवतात, आणि डबा घेऊन आलेली माणसं हाक न मारता समोर जाऊन हात हलवतात.