पंचवीस टक्के

पोलिसांच्या पहिल्या कागदावर माझा धाकटा भाऊ आरोपी होता. फिर्याद सरकारतर्फे, आरोपी मयत, आणि मजकूर असा की मोटरसायकल भरधाव व निष्काळजीपणे चालवून त्यानं उभ्या ट्रकला मागून धडक दिली. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. त्यामुळं पुढं अबेटेड समरी आणि फाईल बंद. ट्रकच्या ड्रायव्हरचं नाव त्यात साक्षीदार म्हणून आलं होतं.

डिसेंबर २०२३ची गोष्ट. आंबिया बहराची तोड चालू होती आणि संत्र्यानं भरलेले ट्रक वरूडहून रात्रीचेच निघत. त्यातल्या एकाचा पाटा तुटला म्हणून तो गावाबाहेरच्या रस्त्यावर उभा होता. अर्धा खाली, अर्धा डांबरावर. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. इशारा म्हणून ड्रायव्हरनं आपल्याकडे सगळेच करतात ते केलं होतं: दोन धोंडे ठेवले आणि बाभळीची फांदी टाकली. भाऊ शेतातून येत होता. त्या आठवड्यात लाईन रात्रीची होती, मोटार चालू करून तो घरी निघाला होता. वय ३८.

घरात माणूस गेल्यावर पंचनाम्याची नक्कल मागायला कोण जातं? मी गेले, कारण आईला उठवत नव्हतं आणि भावजय दोन लेकरांना धरून बसली होती. घटनास्थळ पंचनाम्यात रस्त्याची रुंदी होती, मोटरसायकलचं नुकसान होतं, पण ट्रक डांबरावर किती आला होता आणि त्याचा दिवा लागला होता की नाही, याबद्दल अवाक्षर नव्हतं. धोंडे मात्र तिथंच पडून होते. ट्रक गेला तरी धोंडे कुणी उचलत नाही, ही आपल्या रस्त्यांची रीतच आहे. माझ्या मुलानं दुसऱ्या दिवशी मोबाईलवर त्यांचे फोटो काढले, डांबराच्या कडेपासून अंतर टेपनं मोजून. टेप फोटोत दिसते. पुढं हेच फोटो कामी आले. दुसरा पुरावा म्हणजे पहाटे दूध घेऊन जाणारा एक माणूस. त्या रात्रीही तो त्याच रस्त्यानं आला होता आणि स्वतः थोडक्यात वाचला होता. त्याला कोर्टात उभं राहायला तयार करणं हेच खरं काम. "मले कायले गुतवता ताई?" तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

तेरवीच्या आधीच दोघं जण घरी येऊन गेले. 'क्लेमचं काम' करून देतो, आता एक पैसा नको, मिळेल त्यात टक्केवारी. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवता येत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. आणि बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं वकील मोफत मिळू शकतो, तालुक्याच्या कोर्टातच त्यासाठी समिती असते, हेही नंतरच. आम्ही ओळखीतले वकील केले. त्यांनी ठरलेली फी घेतली आणि पहिल्याच बैठकीत सांगितलं की रडायचं असेल ते आत्ता रडून घ्या, तिथं फक्त हिशेब चालतो.

रस्ते तीन होते. शेतकऱ्यासाठी असलेल्या गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, मुदत ३० दिवस. सातबारा, पीएम रिपोर्ट, लायसन्सची प्रत लावून ते काम आधी केलं. मग मोटार वाहन कायदा. कलम १६४ खाली ५ लाख, चूक कुणाची हे सिद्ध न करता. कलम १६६ खाली पूर्ण भरपाई, पण ट्रकवाल्याचा निष्काळजीपणा आपण दाखवायचा. ५ लाख एकदा स्वीकारले की १६६चा दावा संपतो. आई म्हणाली, घेऊन टाका, कोर्टाची पायरी नको. वकीलसाहेबांनी कागदावर आकडा मांडून दाखवला तेव्हा ती गप्प झाली.

हा आकडा कसा निघतो ते आता माझ्या तोंडपाठ आहे. २००९च्या सरला वर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं वयाप्रमाणं गुणक ठरवून दिले. ३६ ते ४० वयाला १५. २०१७च्या प्रणय सेठी निकालानं भविष्यातली वाढ धरायला सांगितली. स्वतःचा कामधंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल तर ४० टक्के. मागं चार जण अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी चौथा हिस्सा वजा. बाकी सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: महिन्याला कमवत किती होता?

तो नुसता शेतकरी नव्हता. शेंदूरजना घाटच्या नर्सऱ्यांमध्ये हंगामात डोळे बांधायला जायचा. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवायचा, पट्टी बांधायची, पुढचा खुंट. मजुरी हजारी कलमांवर. या पैशाची पावती कोण देतं? पण त्याला आकडे लिहून ठेवायची खोड होती. कीटकनाशकाच्या कंपनीनं वाटलेली एक डायरी होती, तिच्यात तारीख, नर्सरी, किती बांधले, किती लागले. 'लागले' हा रकाना त्यानं स्वतःच्या समाधानासाठी ठेवला असावा, मजुरीशी त्याचा संबंध नव्हता. दोन नर्सरीवाल्यांनी येऊन ते आकडे खरे असल्याचं सांगितलं. तिकडं पोलिसांकडं अर्ज करूनही गुन्ह्याचा कागद मात्र बदलला नाही. वकील म्हणाले, अडत नाही. फौजदारीत संशयापलीकडं सिद्ध करावं लागतं, इथं जास्त शक्यता कशाची ते बघतात. फौजदारी बाजू तशीही लंगडी होती. तेव्हाच्या दंड संहितेच्या ३०४-अ कलमाखाली जास्तीत जास्त २ वर्षं शिक्षा होती. १ जुलै २०२४पासून न्याय संहितेत ती ५ वर्षांपर्यंत गेली, पण आमच्या प्रकरणाला जुनाच कायदा.

दावा अमरावतीच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात लागला. अपघातानंतर सहा महिन्यांत तो दाखल करायचा, अशी अट १ एप्रिल २०२२पासून आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, पण आम्ही कुठं वाट बघत बसणार? तरी गाडीनं गेलेल्यासाठी एक ठरलेलं दार आहे. आमच्याच तालुक्यात १४ सप्टेंबर २०२१ला झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले, एकाच गोतातले, दशक्रियेला जमलेले. अशा ठिकाणी मोटार कायदा लागू नाही. कुणाच्या चुकीनं जीव गेला असं म्हणायचं तर दिवाणी कोर्टात १८५५चा प्राणांतिक अपघात कायदा, तोही मृत्यूपासून २ वर्षांच्या आत, वर कोर्ट फी. विजेच्या तारेनं माणूस गेला तरी तेच. तिथं निदान एक आधार आहे: मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धोकादायक वस्तू चालवणाऱ्यानं, मधे तिसऱ्यानं काहीही केलेलं असो, रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेची जबाबदारी घ्यायची. पण हे सगळं दोन वर्षांच्या आत कुणी सांगितलं तर. गावात दुःखाचं वर्ष पाळतात आणि तेवढ्यात अर्धी मुदत जाते.

आमच्या दाव्यात ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांनी भावजयीची उलटतपासणी घेतली तो दिवस मला लक्षात आहे. सभ्य गृहस्थ, आवाज चढवत नव्हते. जमीन आता तुमच्या नावावर आहे ना? हो. बगीचा उभा आहे ना? हो. मग शेतीचं उत्पन्न कुठं बुडालं? कायद्यातही या प्रश्नाला जागा आहे. जमीन वारसांकडं राहते, म्हणून बुडाली ती फक्त देखरेख, असं न्यायालयं धरतात. ती थोडा वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, "बगीचा उभा हाये साहेब. पण ताण कधी तोडायचा ते त्याईलेच समजे. औंदा आम्ही पाणी लवकर सोडलं, अर्धा बार आलाच नाही. डिंक्या लागला ते आम्हाले साल सुटल्यावर दिसलं." न्यायाधीशांनी तिला थांबवून डिंक्या म्हणजे काय ते विचारलं आणि झाडाचा रोग असं लिहून घेतलं. माझ्या मते उत्पन्नाचा आकडा त्या दोन मिनिटांत ठरला.

मधे लोकअदालतीची तारीख आली. कंपनीनं एकरकमी ९ लाख देऊ केले, त्यांचं म्हणणं निम्मी चूक मृताची, हेल्मेटही नव्हतं. लोकअदालतीत तडजोड झाली की अपील नाही. हातात पैसा लवकर येतो हा काही छोटा फायदा नाही, आणि ज्यांना तो घ्यावा लागतो त्यांना मी नावं ठेवणार नाही. आम्ही घेतला नाही, कारण माझ्या घरून लेकरांची फी निघत होती. प्रत्येक घरात अशी नणंद नसते.

गेल्या वर्षअखेर निकाल आला. महिन्याचं उत्पन्न १२ हजार धरलं. वर्षाचे १ लाख ४४ हजार, वाढ धरून २ लाख १ हजार ६००, चौथा हिस्सा वजा जाता १ लाख ५१ हजार २००, गुणिले १५, म्हणजे २२ लाख ६८ हजार. त्यावर सहवास, अंत्यविधी वगैरेचे ठरीव आकडे. धोंड्यांचे फोटो आणि दूधवाल्याची साक्ष न्यायाधिकरणानं मानली, ट्रकनं मागचे दिवे न लावता उभं राहणं नियमाविरुद्ध असल्याचंही लिहिलं. तरी हेडलाईटच्या उजेडात ट्रक दिसायला हवा होता, म्हणून २५ टक्के चूक भावाची. हाती यायचे ते पावणेएकोणीस लाख आणि व्याज. लेकरांचा वाटा सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत. त्यातनं फीसाठी काढायचं तर कोर्टाची परवानगी.

आईला वाटलं, झालं, देव पावला. वकील म्हणाले की भर रस्त्यात बिनदिव्यानं उभ्या ट्रकवर गाडी आदळली असताना मृताच्या माथी चूक मारलेली सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये काढून टाकली आहे. आपलं अपील टिकू शकतं, पण वेळ सांगता येत नाही. मी भावजयीकडं बघितलं. मला वाटलं ती पुरे म्हणेल.

"पैशाचं जाऊ द्या ताई," ती म्हणाली. "पण पोरगं मोठं होईन, हे वाचीन. बापाची चूक होती असं त्यात लिहेल राहीन."

अपिलाची मुदत ९० दिवसांची. निकालाची नक्कल मिळाली त्याच आठवड्यात वकिलांनी कागद नागपूर खंडपीठात लावले. २५ टक्क्यांच्या विरोधात आमचं अपील, १२ हजारांच्या विरोधात कंपनीचं. दोन्ही एकत्र चालतील म्हणतात.